स्वसंरक्षणासाठी कोणती किक खरंच कामाला येते? रीलमध्ये दिसते त्यापेक्षा बरीच खालची

इन्स्टाग्रामवर 'सेल्फ डिफेन्स' शोधलं की एक दृश्य हमखास समोर येतं. गर्रकन फिरून थेट कानशिलावर बसणारी किक, समोरचा गडी मॅटवर आडवा, मागे दणदणीत म्युझिक. शेअर करावंसं वाटतं, यात नवल नाही.

आता तीच किक संगमनेर बसस्थानकाबाहेर मारायची आहे असं समजा. अंधार पडलाय, अकोल्याकडे जाणारी एसटी अजून आलेली नाही. पायात चपला, खांद्यावर कॉलेजची बॅग, अंगावर पंजाबी ड्रेस किंवा साडी. पायाखाली खडी, आणि पावसाळा असेल तर चिखल. समोरच्याने हात धरलाय, म्हणजे तो दोन फुटांवर आहे. फिरायला जागा नाही आणि वॉर्मअपला वेळ नाही. अशा वेळी ती किक लागण्यापेक्षा मारणाराच पडण्याची शक्यता जास्त.

मग क्लासमध्ये उंच किक का शिकवतात?

कारण खेळात तिला जास्त गुण आहेत. तायक्वांदोच्या स्पर्धेत धडावरच्या किकला 2 गुण, डोक्यावरच्या किकला 3 आणि फिरून डोक्यावर मारली तर 5. स्पर्धेच्या कराटेत ठोशाला 1 गुण, पोटावरच्या किकला 2 आणि डोक्यावरच्या किकला 3. कमरेखाली किक मारणं दोन्हीकडे नियमबाह्य. म्हणजे रस्त्यावर जो भाग गाठायला सगळ्यात सोपा, तोच भाग मॅटवर बंद. खेळाडू वर्षानुवर्षं वर मारायचा सराव करतात ते यामुळे. यात त्या खेळांचा दोष नाही. तोल, अंतराचा अंदाज आणि अंगावर कुणी आलं तर न गोठण्याची सवय या गोष्टी क्लासमध्येच मिळतात.

उंच किकचा आणखी एक धोका नगर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळा समजावून सांगायची गरज नाही. इथे तालमीची परंपरा जुनी आहे. 2025 ची महाराष्ट्र केसरी स्पर्धाही अहिल्यानगर शहरातच झाली. कुस्तीत समोरच्याचा एक पाय पकडून त्याला पाडायचा डाव म्हणजे एकेरी पट. तो मिळवायला पैलवानाला वाकावं लागतं, झेप घ्यावी लागते. कमरेच्या वर किक मारणारा मात्र आपला पाय स्वतःहून त्याच्या हातात देतो. लहानपणी चार दिवस तालमीत गेलेला माणूसही तो सोडणार नाही.

सगळ्यात भरवशाची: सरळ, खालची फ्रंट किक

कराटेत तिला माए गेरी म्हणतात, तायक्वांदोत आप चागी. दिसायला साधी, म्हणून रीलमध्ये फारशी नसते. आधी गुडघा समोर उचलायचा, मग पाऊल सरळ पुढे ढकलायचं आणि लगेच जमिनीवर परत आणायचं. ही किक सरळ रेषेत जाते, त्यामुळे वेळ कमी लागतो. अंग वळत नाही, नजर समोरच्यावर राहते आणि हात चेहऱ्याच्या बचावाला मोकळे असतात.

मारायची कुठे? अंतर थोडं जास्त असेल तर ओटीपोट किंवा मांडीचा वरचा भाग. लक्ष्य मोठं असल्याने नेम थोडा चुकला तरी चालतो. उद्देश जखमी करण्याचा नाही. दरवाजा लाथेने ढकलावा तसं समोरच्याला मागे रेटायचं आणि पळायला दोन पावलांची जागा मिळवायची. अंतर कमी असेल तर नडगी. तिथे कातडीखाली लगेच हाड असतं, बुटाचा कडक फटका बसला तर पकड सैल पडू शकते.

उभ्या पायाकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. तो गुडघा किंचित वाकलेला आणि टाच जमिनीला टेकलेली हवी. चवड्यावर उभं राहून मारलेली किक म्हणजे स्वतःलाच दिलेला धक्का.

पादत्राणांचाही विचार हवा. पुढून बंद बूट असेल तर टोकाने मारता येतं. चप्पल-सँडल असेल तर बोटं उघडी असतात, तेव्हा टाच किंवा तळवाच वापरायचा. साडीत गुडघा फार वर जात नाही, म्हणून नडगी आणि पाऊल एवढंच लक्ष्य उरतं. (नऊवारीच्या काष्ट्यात पाय मोकळा राहतो, पण ती नेसून रोज एसटीने कोण जातं?)

साइड किकचंही तेच. कमरेच्या खाली, गुडघा किंवा नडगीवर मारली तर ती जबरदस्त आहे. पडद्यावर उंच किक मारणारा ब्रूस लीसुद्धा खऱ्या झुंजीसाठी नडगी-गुडघ्यावरच्या खालच्या साइड किकचा पुरस्कार करायचा. पण कडेने वळून मारायची असल्याने ती बसायला सराव लागतो.

मांडीवर आडवी बसणारी राउंडहाउस लो किक मुए थाईत आणि एमएमएत हुकमी मानली जाते. नवशिक्याने तिच्या नादी न लागलेलं बरं. समोरच्याने गुडघा आडवा घातला तर मारणाऱ्याचंच हाड मोडू शकतं. डिसेंबर 2013 मध्ये यूएफसीच्या लढतीत अँडरसन सिल्वाचा पाय असाच मोडला होता, आणि तो जगातल्या सर्वोत्तम फायटर्सपैकी एक होता.

आणि जांघेतली किक? चित्रपटांनी तिला रामबाण ठरवलंय. बसली तर परिणाम होतो हे खरं, पण तो भाग वाचवायची प्रतिक्रिया पुरुषांमध्ये उपजत असते. मांड्या आपोआप आवळल्या जातात, माणूस मागे सरकतो. शिवाय ॲड्रेनलिन चढलेलं असताना वेदना उशिरा जाणवते. ती मारून परिणामाची वाट बघत उभं राहू नये.

अगदी जवळ पकडलं असेल तर किकला जागाच नसते. तिथे गुडघा कामाचा. मागून मिठी मारली असेल तर टाच नडगीवरून खाली घासत त्याच्या पावलावर जोरात आपटायची. खाली पडलात तर पाय हल्लेखोराच्या दिशेला ठेवा, हनुवटी छातीकडे घ्या आणि तो जवळ येईल तशा टाचा झाडा. संधी मिळताच उठा.

कायदा कुठपर्यंत साथ देतो?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे. आधी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 96 ते 106 मध्ये होता. पहिला फटका बसेपर्यंत थांबायची गरज नाही. शरीराला धोका असल्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, हे कलम 37 सांगतं. बलात्कार, अपहरण किंवा ॲसिड हल्ल्यासारख्या प्रसंगांत कलम 38 बचावाची मर्यादा बरीच वाढवतं.

किक निवडताना याचा थेट संबंध येतो. हाड मोडणं किंवा निखळणं कायद्याच्या भाषेत 'जबर दुखापत' आहे. रिक्षाच्या रांगेतल्या बाचाबाचीत कुणाचा गुडघा फोडला तर 'बचाव केला' हे पटवून देणं अवघड जाईल. समोरचा पडल्यावर वरून मारलेली लाथ तर बचावात बसवणं आणखी कठीण. रेटून पळणं कायद्याच्या नजरेतही सगळ्यात सुरक्षित.

फक्त किक शिकून भागतं का?

2015 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कॅनडातला एक अभ्यास आला. तीन विद्यापीठांतल्या सुमारे 900 विद्यार्थिनींपैकी निम्म्यांना 12 तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराला सामोरं जाव्या लागलेल्यांचं प्रमाण प्रशिक्षित गटात 5.2 टक्के होतं, दुसऱ्या गटात 9.8 टक्के. त्या 12 तासांत शारीरिक प्रतिकार हा एकच भाग होता. धोका लवकर ओळखणं, ओळखीच्या माणसालाही ठाम 'नाही' म्हणणं, ओरडणं यांवर बराच वेळ दिला होता. हल्लेखोर अनेकदा ओळखीचाच असतो, आणि ओळखीच्यावर पहिली लाथ उचलायला मन धजत नाही. ही अडचण रीलमध्ये कधी येत नाही.

सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा अभियानातून राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण दिलं जातं. खासगी क्लास लावायचा असेल तर पैसे भरण्याआधी एक तास बसून बघा. रोजच्या कपड्यांत आणि बुटांत सराव होतो का? कुणी घट्ट धरून ठेवलं असताना सुटायला लावतात का? किकनंतर पळायला शिकवतात का? तिन्हींची उत्तरं 'नाही' असतील तर तो खेळाचा क्लास आहे, आणि खेळ म्हणून तो चांगलाही असू शकतो.

सुटल्यावर दुकान, एसटीचं चौकशी केंद्र, पेट्रोल पंप, जिथे उजेड आणि माणसं असतील तिकडे धावायचं आणि 112 लावायचा. महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांकही आहेत. फोन करताना गावाबरोबर जवळची खूणही सांगा. पुणे-नाशिक महामार्गावर नुसतं 'संगमनेरजवळ' म्हटलं तर पोलिसांना शोधायला कित्येक किलोमीटरचा रस्ता उरतो.