जिंकूनही दार बंद

२००६-०७ ते २०१२-१३ अशी सलग सात वर्षं फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद गोव्याबाहेर गेलं नाही. धेंपोनं ते चारदा, चर्चिल ब्रदर्सनं दोनदा, साळगावकरनं एकदा पटकावलं. तरीही २०१६मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे गोव्याचे क्लब आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले.

अनेकजण खाणबंदीला दोष देतात. २०१२च्या बंदीनं गोव्यातला पैसा आटला, हे खरंच. पण धेंपोनं २०१६मध्येच आय-लीगची दुसरी श्रेणी जिंकून बढती मिळवली होती. घाव घातला तो भारतीय फुटबॉल महासंघाच्या तेव्हाच्या आराखड्यानं: इंडियन सुपर लीग सर्वांत वर, आणि तिथं जिंकून पोचायची वाटच नव्हती. नव्या लीगनं फातोर्ड्याच्या मैदानावर गर्दी आणली, हे मान्य. पण गर्दीच्या बदल्यात बढतीचा हक्क काढून घेणं हा अन्यायच होता.