दोन इंचांचा कायदा

गेल्या हिवाळ्यात भाच्याबरोबर पुण्यात एक जुनी थार बघायला गेलो होतो. गाडी उचललेली, म्हणजे लिफ्ट किट घातलेली. भाच्याने वाटेतच सांगून ठेवलं होतं, "मामा, दोनच इंच उचललीय. दोन इंचांपर्यंत अलाउड असतं." विकणाऱ्यानेही हेच सांगितलं, आणि त्याला ते त्याच्या गॅरेजवाल्याने सांगितलं होतं. हाच आकडा मी आधीही बऱ्याच जणांकडून ऐकला आहे आणि प्रत्येक जण तो सातबारा वाचून दाखवावा तशा खात्रीने सांगतो. कलम कुठलं, असं विचारलं की मात्र विषय टायरवर जातो.

पूर्वपक्ष असा: गाडी किती उचलावी याची कायद्यात मर्यादा आहे, ती दोन इंच, म्हणजे साधारण ५० मिलिमीटर. तेवढ्यात राहिलं की गाडी कायदेशीर. म्हणून जुनी उचललेली गाडी घेताना 'किती इंच?' एवढं विचारलं की पुरे.

ही मर्यादा आपल्या कायद्यात नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. नियमांत गाडीच्या एकूण उंचीला मर्यादा आहे, पण ती बस-ट्रकच्या मापाची. थारच्या टपावर सामानाचा ढीग रचला तरी तिथवर पोचणं कठीण. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा सापडतो तो जीएसटीत. लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा जास्त, इंजिन १,५०० सीसीपेक्षा मोठं आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर ती चढ्या कराची मोठी युटिलिटी गाडी. हा क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा मोजायचा, हेही २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केलं. म्हणजे सरकारने जमिनीपासूनची उंची मोजली खरी, पण कर घेण्यासाठी. आणि तीही कमीत कमी किती, एवढीच.

मग दोन इंच आले कुठून? माझा तर्क असा की ते ऑस्ट्रेलियातून, किटच्या खोक्याबरोबर आले. आपल्याकडे नावाजलेल्या लिफ्ट किटांत ऑस्ट्रेलियन कंपन्यांचा दबदबा आहे; माहितीपत्रकं तिकडची, व्हिडिओही तिकडचे. आणि तिकडे असा आकडा खरोखरच आहे. हलक्या वाहनांतल्या बदलांसाठी तिथे राष्ट्रीय संहिता आहे आणि साधारण ५० मिलिमीटरपर्यंतची वाढ प्रमाणपत्राशिवाय चालते. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात ही सूट ७५ मिलिमीटरपर्यंत जाते, पण त्यातले सस्पेन्शनचे जास्तीत जास्त ५० आणि टायरचे २५. त्यापुढे मान्यताप्राप्त अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. किट इकडे आलं, आकडाही आला. अभियंता मात्र तिकडेच राहिला.

आपला कायदा मिलिमीटर मोजतच नाही. कलम ५२ चं म्हणणं थोडक्यात असं: निर्मात्याने मुळात जे विनिर्देश दिले, त्यांच्याशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. केरळमध्ये यावरून वाद झाला. नियमांत बसणारे रचनात्मक बदल चालतील, असं तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटलं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने ते रद्द ठरवलं. नियम कायद्याच्या वर नाहीत, आणि निर्मात्याचे मूळ विनिर्देश बदलणारा फेरफार नोंदणी अधिकाऱ्यालाही मान्य करता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. म्हणून 'आरटीओत नोंद करून घेऊ' हा उपायही फार टिकत नाही. सीएनजी किट किंवा रंगबदल यांची गोष्ट वेगळी. त्यांना वेगळी वाट आहे.

इथे हुशार प्रतिपक्षी एक चांगला मुद्दा काढतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो म्हणतो, कलमात शब्द 'प्रमाणपत्रातला तपशील' असे आहेत. खासगी गाडीच्या आरसीत चासी नंबर, इंजिन नंबर, इंधन, आसनं, वजन, रंग हे सगळं आहे. ग्राउंड क्लिअरन्सचा रकानाच नाही. जे आरसीत नाही ते विसंगत कसं होणार? नुसत्या शब्दांवर बोट ठेवलं तर युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण त्याच निकालात न्यायालयाने भर कुठे दिला ते पाहावं. आरसीतले इतर तपशील बदलू शकतात, त्यांची नोंद होऊ शकते. ५२(१) चा कटाक्ष आहे तो निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांवर. आणि ते विनिर्देश म्हणजे जाहिरातीतली पत्रिका नव्हे. नियम १२६ खाली प्रत्येक मॉडेलचा नमुना अधिकृत संस्थेत तपासून घ्यावा लागतो. त्यातल्या दोन आपल्याच अंगणात आहेत: पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. ब्रेक, स्टिअरिंग, दिव्यांच्या झोताची दिशा, हे सगळं ज्या उंचीवर तपासलं ती उंची म्हणजे ती गाडी.

शिवाय रकान्याचा मुद्दा २०१९ च्या दुरुस्तीने आणखी लंगडा केला. नव्या कलम १८२अ(४) मध्ये आरसीचं नावही नाही. कायद्याने वा नियमांनी परवानगी नसलेला बदल मालकाने केला, सुटे भाग बसवून केला तरीही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि दंड गाडीमागे नव्हे, प्रत्येक बदलामागे. स्प्रिंग एक, टायर दोन, बंपर तीन, असा हिशेब मांडता येतो. जानेवारी २०२३ मध्ये श्रीनगरच्या न्यायालयाने बदललेल्या एका थारच्या मालकाला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली आणि मग चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. तुरुंग टळला, पण मूळ टायर पुन्हा विकत घ्यावे लागतातच.

'आजवर कुणी अडवलं नाही' हा युक्तिवाद मी सोडून देतो. तो हेल्मेट न घालणाऱ्यांचाही आहे.

आता त्या गाडीकडे येऊ. जमिनीपासून मोजण्यात अर्थ नसतो, कारण त्यात टायर मिसळतो. चाकाचा मध्य ते मडगार्डची कड एवढं अंतर घ्यायचं. शेजारच्याच इमारतीत एक जशीच्या तशी थार उभी होती. तिच्या मालकाची परवानगी काढून टेप लावला. फरक निघाला ६५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच. स्प्रिंगवर स्पेसर बसवलेले दिसत होते. टायरवर लिहिलेलं २८५/७० आर १७. मूळचे होते २४५/७५ आर १६. हिशेब केला तर मूळ व्यास साधारण ७७४ मिलिमीटर, नवा ८३१. अर्धा फरक, म्हणजे २८ मिलिमीटर, टायरने वाढवलेला. एकूण ९३. म्हणजे ज्या कायद्याचा हवाला दिला जात होता, त्या ऑस्ट्रेलियन कायद्यातही ही गाडी प्रमाणपत्राशिवाय नापासच.

विकणाऱ्याने खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. 'दोन इंच' हे त्याच्या लेखी माप नव्हतंच, किटचं नाव होतं.

आणखी एक मौज. थारच्या मागच्या बाजूला अखंड ॲक्सल आहे. स्प्रिंग उंच केली की वर जाते ती बॉडी. ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा जिथे होता तिथेच राहतो. दगडावर पहिला आपटणारा भाग तोच, आणि त्याला उचलतो फक्त टायर. वाढते ती पुढून, मागून आणि पोटाखालून खडक चढण्याची सोय; त्याबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो. दोन चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागलं की गाडी कलंडण्याला किती विरोध करते याचा ढोबळ अंदाज येतो. समजा अंतर १,५२० आणि उंची ७००, तर उत्तर १.०९. उंची ७४० केली की १.०३. कागदावर क्षुल्लक, ताम्हिणीच्या वळणावर तसं वाटत नाही. मोठ्या टायरने वेगही खोटा दिसतो: काट्यावर ८०, रस्त्यावर जवळपास ८६. किलोमीटरही कमी पडतात. मीटरवर ४२,००० होते. सगळे याच टायरांवर झाले असतील तर खरे ४५,००० च्या पुढे.

ऑस्ट्रेलियन पद्धत आपल्यापेक्षा शहाणी आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. इतपत चालेल, त्यापुढे अभियंत्याकडे जा, हे सांगणारा कायदा सरसकट नाही म्हणणाऱ्यापेक्षा जास्त पाळला जातो. २०१९ मध्ये कलम ५२ ला जोडलेल्या परंतुकात बदलांचे निकष ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिलेला आहे. दार तिथे आहे. पण उद्या यावा असा कायदा आज आहे म्हणून पैसे मोजायचे नसतात.

घेणारा म्हणेल, बदल मी केलाच नाही, आधीच्या मालकाने केला. कलमाचे शब्द पाहता हा बचाव मांडता येईल. पण रस्त्यावर अडवलेली गाडी तुमची असते, मांडणी न्यायालयात होते, आणि पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी उभी करावी लागते तीही तुम्हालाच. विम्यात तर न कळवलेला बदल म्हणजे स्वतःच्या गाडीचा दावा नाकारायला आयतं कारण.

म्हणून आम्ही 'किती इंच?' सोडून दुसरंच विचारलं: मूळ स्प्रिंग आणि टायर कुठे आहेत? ते परत बसवून, अलाइनमेंट करून गाडी दाखवा, मग किमतीचं बोलू. विकणाऱ्याने तिथूनच गॅरेजला फोन लावला. टायर कधीच विकले गेले होते. स्प्रिंग माळ्यावर असतील म्हणाले, मग शोधून सांगतो म्हणाले, आणि संध्याकाळी कळलं की त्या भंगारात गेल्या. भाचा अजून थार शोधतो आहे.