उन्हाळ्याचें जेवण आणि ताकाचें भांडें

पेशव्यांच्या पंगतींचीं वर्णनें आमच्या इतिहासलेखकांनीं मोठ्या आवडीनें लिहिलीं आहेत. पानांत कोणता पदार्थ कोठें वाढावा येथपर्यंतचा तपशील वाचावयास मिळतो. परंतु वैशाखाच्या उन्हांत नांगर सोडून झाडाखालीं बसलेला कुणबी दोनप्रहरीं काय खात होता, याची नोंद ठेवण्याचें फारसें कोणास सुचलें नाहीं. त्या साध्या जेवणासहि इतिहास आहे, आणि इंद्रायणीकांठच्या चऱ्होलीसारख्या गांवीं त्याच्या खुणा अजून सांपडतात.

नदीच्या एका तीरावर चऱ्होली बुद्रुक, दुसऱ्या तीरावर चऱ्होली खुर्द, आणि आळंदी अगदीं शेजारीं. या मुलुखांत बाजरी खरिपाची व ज्वारी रब्बीची. बाजरी उष्ण म्हणून ती थंडींत खावी, ज्वारी थंड म्हणून ती उन्हाळ्यांत खावी, असें वडीलधारीं माणसें सांगतात. आम्हांस वाटतें, या पथ्याचा निम्मा उगम कणगींत आहे. ज्वारी माघ-फाल्गुनांत खळ्यावर येते. चैत्रांत घरीं जें नवें धान्य असतें तें ज्वारीचेंच. त्या ज्वारीची भाकरी, चाकणच्या बाजूचा बुक्कीनें फोडलेला कांदा आणि वाडगाभर ताक. नाहीं तर ज्वारीचें पीठ ताकांत भिजवून, शिजवून, मीठ-जिरें घालून निवविलेली आंबील. चूल सकाळीं एकदांच पेटते, सर्पण वांचतें, आणि जेवून उठल्यावर पुन्हां औत धरतां येतें.

आमच्या वैद्यकग्रंथांचें मत मात्र निराळें आहे. वाग्भट अष्टांगहृदयांत सांगतो कीं, ग्रीष्मांत गोड, हलकें, थंड व पातळ असें अन्न घ्यावें, साखरपाण्यांत कालविलेलें सातूचें पीठ प्यावें आणि खारट, आंबट व तिखट टाळावें. सुश्रुत तर उष्णकाळीं ताक देऊंच नये म्हणतो. आतां आंबील म्हणजे आंबट, खारट, आणि तीहि ताकांतली! मग शेंकडों वर्षें आमच्या कुणब्यांनीं अपथ्यच केलें कीं काय? वाग्भटाचें तेंच प्रकरण पुढें वाचावें, म्हणजे उलगडा होतो. त्यांत कारंज्याचें घर आहे, चंदनाची उटी आहे, चांदण्यांत निवविलेलें म्हशीचें दूध आहे. तें पथ्य सावलींतल्या यजमानासाठीं आहे. (चंदनाची उटी आळंदीस उन्हाळ्यांत माउलींच्या समाधीस लावतात, चऱ्होलीच्या शेतकऱ्यानें ती स्वतःस लावल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.) घामावाटे पाण्याबरोबर मीठहि जातें, हें आजचें शरीरशास्त्र सांगतें, औत हांकणाऱ्यानें तें आंबिलीच्या चवीवरून जाणलें होतें.

तेव्हां या जेवणाचा आधार ताक होता, आणि तें मिळत कसें होतें, हाच खरा प्रश्न. ज्याच्या दावणीस म्हैस, तो पहांटे घुसळण करी. लोणी कढवून तूप बाजारास जाई. मागें उरलेलें ताक मात्र वैशाखांत संध्याकाळपर्यंतहि धड राहत नसे. तें विकणार कोणास? म्हणून तें शेजारीं द्यावयाचें, आणि ज्याच्या घरीं दुभतें नाहीं त्यानें भांडें घेऊन मागावयाचें. ‘ताकाला जाऊन भांडें लपविणें’ ही म्हण या व्यवहाराची साक्ष आहे. मागण्याची लाज ज्याला वाटली त्याची तींत थट्टा आहे; देणाऱ्याच्या औदार्याचा तींत उल्लेखच नाहीं, कारण देणें हें गृहीतच होतें. दोन एकरांच्या धन्यास आणि मजुरास एकच आंबील मिळे ती याच रीतीमुळें.

पुणें जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९६० सालीं निघाला आणि १९७० पासून देशभर दुधाचा महापूर आला. कॅन घेऊन दूध सकाळ-संध्याकाळ केंद्रावर जाऊं लागलें. त्यानें शेतकऱ्याच्या हातीं ठराविक मुदतीनें रोकड आली, मुलांच्या शाळेचा खर्च निघाला. त्यास आम्ही दोष देणार नाहीं. पण दूध दूधच म्हणून विकलें गेलें, तेव्हां घुसळण थांबली, आणि घुसळणीबरोबर शेजारणीच्या भांड्यांतलें ताकहि आटलें. या हानीचा आंकडा कोणत्याहि जमाखर्चांत सांपडणार नाहीं, कारण त्या ताकास किंमतच नव्हती. पुढें १९९७ सालीं चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत गेली. ज्वारीच्या वावरांतून इमारती उठल्या. आज ताक पिशवींत मिळतें, पैसे मोजून.

चाकणच्या कारखान्यांत बिहारकडून आलेले कामगार उन्हाळ्यांत सत्तू पितात. वाग्भटानें सांगितलेलें पेय अशा रीतीनें या भागांत आलें आहे. फक्त पिणारे त्यांत साखर घालीत नाहींत, मीठ आणि कांदा घालतात.