तुरुंग आणि चाबूक

मंडळी, आपल्या शिरूर-दौंडकडे पोलिसांनी कुणाला नेलं की ‘आत गेला’ म्हणतात. थट्टेत, ‘बिनभाड्याच्या घरी’. सरळ बोलायचं तर तुरुंगात. हा तुरुंग अस्सल मराठी वाटतो ना? पण तो पोर्तुगीज ‘त्रोंको’वरून आला. त्रोंको म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय लाकडात अडकवायचे, म्हणून तेच नाव कैदखान्याला. आपल्याकडचा खोडा आठवा.

आता गंमत बघा, दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेतही तुरुंगाला ‘ट्रोंक’च म्हणतात. १६५२ साली डच कंपनीनं केपला ठाणं वसवलं. मग भारतातून, जावा-सुमात्राकडून गुलाम नेले. त्यांच्याबरोबर पोर्तुगीज नि मलाय शब्द तिथल्या डच बोलीत शिरले.

‘चाबूक’ही तसाच. मूळ फारसी. आपल्याकडे सरळ आला, केपला मलायमार्गे जाऊन ‘शांबोक’ झाला. तिथला शांबोक गेंड्याच्या, पाणघोड्याच्या कातड्याचा. वर्णभेदाच्या काळात पोलिसांनी तो निदर्शकांच्या पाठीवर ओढला; पुढे प्लास्टिकचेही शांबोक निघाले. आपण मात्र चाबूक म्हटलं, की अजून टांगेवालाच डोळ्यांपुढे आणतो.