जठरांतील जंतु

जठराच्या तीव्र आम्लांत कोणताही जंतु तग धरूं शकणार नाहीं, हें मत वैद्यकांत फार काळ सिद्धान्तासारखें वावरत होतें. १९७९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना दाहग्रस्त जठराच्या तुकड्यांत वक्राकार जंतु दिसले. पुढें बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. परंतु प्रयोगशाळेंत ते जंतु कांहीं केल्या वाढेनात. १९८२ सालीं ईस्टरच्या सुटीमुळें काचपात्रें नेहमींच्या दोन दिवसांहून अधिक काळ उबेंत राहिलीं, आणि जंतु वाढले! शिस्तीपेक्षां सुटी उपयोगी पडल्याचीं अशीं उदाहरणें विरळाच. १९८४ मध्यें मार्शल यांनीं जंतूंचें द्रावण स्वतःच प्राशन केलें. थोड्याच दिवसांत त्यांना वांत्या झाल्या व तपासणींत जठरदाह आढळला. हाच तो हेलिकोबॅक्टर पायलोरी.

दाहापासून कर्करोगापर्यंतची वाट मात्र कोलंबियाचे पेलायो कोरेया यांनीं १९७५ मध्येंच, जंतूची ओळख नसतांना, आंखली होती. दीर्घकालीन दाहानें पाचक ग्रंथि झिजतात, आम्ल घटतें, जठराचें अस्तर आंतड्याच्या अस्तराचें रूप घेतें व पुढें पेशींची ठेवण बिघडते. या क्रमास कित्येक दशकें लागतात, आणि बहुतेकांच्या बाबतींत तो वाटेंतच थांबतो. १९९४ मध्यें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें हा जंतु कर्ककारक ठरविला. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या जपानी पाहणींत १२४६ जंतुबाधितांपैकीं ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला, तर २८० अबाधितांपैकीं एकालाही नाहीं. ग्रंथि झिजण्यापूर्वीं जंतूचा नायनाट केल्यास लाभ मोठा. नंतर धोका घटतो, पण पुरता जात नाहीं, आणि अशा रोग्याच्या जठराची दुर्बिणीनें पुनःपुन्हां पाहणी करावी लागते.