शिरपूरची स्मिता, भुसावळच्या पेट्या

१९८२ साल. एप्रिलच्या शेवटी मुंबईत ‘नमक हलाल’ लागला, ऑक्टोबरात ‘शक्ती’, डिसेंबरात ‘अर्थ’. त्याच वर्षी ‘बाजार’ आला आणि मराठीत ‘उंबरठा’. पाचही सिनेमांत स्मिता पाटील. एका टोकाला अमिताभबरोबर पावसात भिजणारी नायिका, दुसऱ्या टोकाला संसार मागे ठेवून महिलाश्रम सांभाळायला निघालेली सुलभा महाजन. सिनेमावरून भांडणाऱ्या मित्रांची यापेक्षा मोठी अडचण कुठल्या वर्षानं केली नसेल!

म्हणजे कसं, की त्या काळी कुठल्याही कट्ट्यावर दोन पार्ट्या असायच्याच. एक बच्चनची, दुसरी ‘आर्ट’वाल्यांची. माझे थोरले मामा धुळ्याचे, पक्के बच्चनभक्त. त्यांचा जिवलग मित्र बेनेगल-निहलानींचं नाव घेतल्याशिवाय चहा पीत नसे. मामा म्हणायचे, “तुझ्या सिनेमात माणूस अर्धा तास नुसता खिडकीतून बघतो रे भो, त्यापेक्षा मी घरच्याच खिडकीत बसतो. फुकट!” तो म्हणायचा, “आणि तुझ्यात एक माणूस वीस जणांना लोळवतो, इस्त्री मोडत नाही त्याची.” तिसरा एक होता, दादा कोंडक्यांचा. ‘सोंगाड्या’ (१९७१) ज्याला कळला नाही त्याला सिनेमाच कळला नाही, असं त्याचं साधं मत. दोघंही त्याला गावंढळ म्हणायचे. या एका मुद्द्यावर मात्र दोघांचं एकमत.

स्मिता पाटीलचा विषय निघाला की मामा आणि त्यांचा मित्र दोघंही हक्क सांगायचे. कारण ती आपली. जन्म पुण्यातला (१७ ऑक्टोबर १९५५), पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील म्हणजे शिरपूरचे, स्वातंत्र्यसैनिक, पुढे मंत्री. धुळ्याच्या माणसाला एवढं पुरे असतं.

आता माझा मुद्दा. हे भांडण आवडीनिवडीचं आहे असं सगळ्यांना वाटायचं, भांडणाऱ्यांना तर नक्कीच. मला ते निम्मं भूगोलाचं वाटतं. ज्या सिनेमावरून भांडायचं तो आधी गावात यायला तर पाहिजे ना!

सिनेमा यायचा पेटीतून. रिळं पत्र्याच्या गोल डब्यांत, डबे पेटीत, पेटी रेल्वेनं नाहीतर एस्टीनं. आणि पेटी कुठे जाणार हे ठरायचं धंद्याच्या नकाशावर. हिंदी सिनेमाच्या वितरणासाठी देशाचे जे भाग पाडले गेले, ते राज्यांच्या सीमांशी फारसे जुळत नाहीत. त्यातला एक ‘सीपी बेरार’. इंग्रजांचा मध्य प्रांत नि वऱ्हाड कागदावरून कधीच पुसला गेला, सिनेमाच्या धंद्यात मात्र त्याचं नाव टिकून राहिलं. सीपी बेरार, सेंट्रल इंडिया आणि राजस्थान एवढ्या मोठ्या पट्ट्यातल्या वितरकांची आणि थिएटरवाल्यांची संघटना म्हणजे सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन. तिचं मुख्यालय कुठे? जयपूर नाही, इंदूर नाही, नागपूरही नाही. भुसावळ! जळगाव जिल्ह्यातलं, केळीच्या वाघिणी नि रेल्वे क्वार्टर्सचं आपलं भुसावळ. नकाशा बघितला तर नवल वाटत नाही. मुंबईहून येणारी लाइन इथे फुटते, एक फाटा नागपूरकडे, एक इटारसीकडे आणि तापीच्या काठानं सुरतकडे जाणारी गाडी जळगाव-अमळनेरवरून. पेट्या इकडून तिकडे करायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

वितरक धंदा करायला बसलेला असतो, ते रास्तच. ‘शक्ती’ची पेटी मागणारे दहा मालक रांगेत असताना ‘भूमिका’ची पेटी कोण कशाला आणेल? समांतर म्हटल्या जाणाऱ्या सिनेमांच्या प्रिंट मोजक्या. १९६० साली स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशननं सिनेमे काढायला कर्ज दिलं, पण दाखवायला थिएटरं दिली नाहीत. कितीतरी सिनेमे पुरस्कार घेऊन डब्यातच राहिले. मुंबईत निदान आकाशवाणी थिएटर होतं, प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी १९६८ पासून होती. आमच्याकडच्या ‘आर्ट’वाल्याला त्याची आवड जपायला मुंबईच्या नातेवाइकांकडे जावं लागायचं, नाहीतर नुसती परीक्षणं वाचून भांडावं लागायचं. मामांच्या मित्रानं ज्या सिनेमांची बाजू जीव तोडून घेतली त्यातले निम्मे त्यानं पाहिलेलेच नव्हते, हे त्यानंच पुढे हसत हसत सांगितलं. आणि मामांनी ज्यांची टिंगल केली त्यातला त्यांनी एकही नाही!

ही गोष्ट कलकत्त्याच्या शेजारी ठेवून बघा. १९६५ मध्ये मृणाल सेन यांच्या ‘आकाश कुसुम’वरून ‘स्टेट्समन’ या दैनिकात पत्रापत्री पेटली. एका बाजूला सेन आणि कथालेखक आशिष बर्मन, दुसऱ्या बाजूला खुद्द सत्यजित राय. जुने परिचित, एकाच शहरातले, आणि आठवड्यांमागून आठवडे जाहीर भांडत होते. पण राय यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ सालीच उभी केली होती. तिथे भांडणाऱ्यांच्या डोळ्यांखालून जगभरचा सिनेमा गेलेला होता. धुळे-जळगावच्या पोरांनी तेवढ्याच तावातावानं भांडायचं, तेही ऐकीव माहितीवर.. याला मी तरी जास्त मार्क देईन.

बरं, लोकांना गंभीर सिनेमा नकोच होता म्हणावं, तर ‘मंथन’ (१९७६) मधे येतो. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढलेला सिनेमा. तो बघायला शेतकरी ट्रक भरभरून गेले. त्यातही स्मिता होतीच. तेव्हा लोकांना कळत नाही, हा निकाल जरा घाईचा आहे.

आणि हे सगळ्यात नीट कळलं होतं ते बहुतेक तिलाच. ‘नमक हलाल’मधलं ते पावसातलं गाणं झाल्यावर ती रडली होती, हे तिच्यावर लिहिणाऱ्या अनेकांनी नोंदवलंय. आर्टवाले हा किस्सा पुरावा म्हणून फेकायचे: बघा, तिलाही लाज वाटली. पण ती तिथे थांबली नाही. पुढेही दोन्ही प्रकारचे सिनेमे करत राहिली. तिच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की मोठ्या सिनेमातून माझं नाव लोकांपर्यंत पोचलं तर माझे छोटे सिनेमेही लोक बघतील. ही तडजोड आहे का? असेलही. मला मात्र तो वितरणाचा हिशोब दिसतो. मित्रांच्या भांडणात तिला एक बाजू निवडायला लावायचे, आणि ती नेमकं तेच करायला तयार नव्हती. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली तेव्हा अवघी ३१ वर्षांची होती. ‘मिर्च मसाला’ लागला तो त्यानंतर.

तोवर पेटीची मक्तेदारीही ढिली व्हायला लागली होती. १९८४ मध्ये दूरदर्शननं गावोगावी सहक्षेपण केंद्रं उभारायचा सपाटा लावला. मग रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा आणि पुढे रविवारी दुपारी प्रादेशिक भाषेतला पुरस्कारविजेता सिनेमा. दुपारी जेवून लवंडलेल्या घरात मल्याळी सिनेमा सुरू असायचा, खाली इंग्रजी अक्षरं. निम्मं घर झोपलेलं, एखादाच जागा. पण तो जागा असलेला माणूस पहिल्यांदाच स्वतः बघून बोलत होता. पाठोपाठ व्हिडिओ आला, भाड्याचे व्हीसीआर आणि व्हिडिओ पार्लरं आली.

धुळ्याहून आग्रा रोडनं साधारण पन्नास किलोमीटरवर मालेगाव. आज नाशिक जिल्ह्यात, पण १८६९ मध्ये तो जिल्हा होईपर्यंत खानदेशातच. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी सुट्टी आणि सुट्टीला सिनेमा. तिथे नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचा. त्याच्याकडे चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली एकाच पडद्यावर नांदायचे. व्हीसीआरवर कापाकापी आणि जोडाजोडी करता करता तो संकलन शिकला आणि २००० च्या सुमारास मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च काही हजारांत. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर! पुढच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये क्रेन म्हणजे बैलगाडी. सुपरमॅन झाला शफीक, यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत कामगार. तो लवकरच कॅन्सरनं गेला.

या मंडळींतही भांडण होतंच, फक्त ते बघण्यावरून न राहता काढण्यावर आलं. फरोग जाफरी हा त्यांचा लेखक. त्याला मुंबई हवी होती, लेखक म्हणून नाव हवं होतं. नासिरचं म्हणणं, आपण इथेच बरे, आपल्या लोकांना हसवू. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात फरोग बोलायला लागतो तेव्हा हसणं आपोआप थांबतं. रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’मध्ये हीच ठिणगी मोठी केलीय: नक्कल की स्वतःची गोष्ट, यावरून दोन मित्र तुटतात. कथेसाठी त्यात बरंच रचलेलं आहे, पण भांडण खोटं वाटत नाही.

कागतींचा सिनेमा सप्टेंबर २०२४ मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला थिएटरात लागला. साडेपाच महिने. मूळ माहितीपट २००८ चा. तो परदेशी महोत्सवांत फिरला, नावाजला गेला, आणि आपल्याकडे थिएटरात लागायला २०१२ चा जून उजाडला.