भेंडीची पुडी

घरच्या बागेसाठी बी कुठून विकत घ्यायचं, हा प्रश्न आपल्या पणजीला बहुधा पडलाच नसता. वालाचं, भोपळ्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं असायचं. संपलं तर शेजारणीकडून मूठभर आणायचं. पाकिटातलं बी तेव्हाही मिळे, पण ते साहेबांच्या बंगल्यातल्या कोबी-फ्लॉवरसाठी.

हे कसं बदललं ते मला भेंडीवरून नीट कळलं. भेंडीचा मोठा शत्रू म्हणजे पांढरी माशी पसरवते तो विषाणू. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि झाड खुरटतं. त्याला तोंड देणारं ‘पुसा सावनी’ हे वाण दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलं. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांनी त्याचं बियाणं पिकवून विकायला सुरुवात केली आणि १९६४ साली महिको कंपनी उभी राहिली. १९६६ मध्ये बियाणे कायदा आला, १९७६ मध्ये अकोल्याला महाबीज. १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. घरातलं बी दुकानात गेलं ते असं, एका पिढीत.

पुढे विषाणूनं पुसा सावनीलाही गाठलं. मग परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तिचा एका रानटी भाईबंदाशी संकर केला, पुढच्या पिढ्यांतून निवड करत वाण स्थिर केलं, आणि १९८०च्या दशकात ‘परभणी क्रांती’ आली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण हे वाण सुधारित आहे. म्हणजे त्याचं बी धरून पुन्हा पेरता येतं, आणि झाड बहुतेक तसंच येतं.

पुडीवर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असेल तर तसं होत नाही. पहिलं पीक जोमदार, एकसारखं. त्याचं बी पेरलं की एक झाड उंच, एक बुटकं, शेंगा निरनिराळ्या. यात फसवणूक नाही, मेंडेलचा नियम आहे. पण दर वर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. चार कुंड्यांच्या बाल्कनीला एवढा एकसारखेपणा कशाला हवा?

म्हणून मी दुकानाचं नाव नंतर बघते, आधी पुडीची मागची बाजू: सुधारित की संकरित, उगवणशक्ती किती टक्के, चाचणी कधी झाली. बी गुलाबी-निळं दिसलं तर त्याला औषध लावलेलं असतं. हात धुवावेत, आणि उरलेलं खाण्यात जाऊ देऊ नये. कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रावर सुधारित वाण मिळालं तर मी तेच घेते. गावठी वाणांसाठी मात्र बी जपणारी माणसंच गाठावी लागतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच वाणं जमवून घरात बीज बँक उभी केली. २०२०च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

भेंडीचं बी धरायचं तर दोन वाणं शेजारी लावू नयेत, मधमाश्या सरमिसळ करतात. निरोगी झाडावरच्या दोन-तीन शेंगा तोडायच्या नाहीत. त्या करड्या होऊन शिरांवर उकलू लागल्या की आतले काळपट-हिरवे दाणे काढून सावलीत वाळवायचे.